विरलेल्या गाठींचा श्रावण

यंदाही श्रावण कोरडाच निघाला. सकाळी अंगणात यावं तर आभाळ निळंशार, धुऊन वाळत घातल्यासारखं. एखादा ढग उगवतो, औशाच्या बाजूला सरकतो आणि तिकडंही काही करत नाही. गल्लीत टँकरच्या वाटेवर घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे ओळीनं बसलेले असतात. आमच्या शेजारी क्लासच्या मुलींचं वसतिगृह आहे. त्यातली एक मुलगी परवा आपली बादली ओळीत ठेवून, पायरीवर बसून मोठ्यानं पाठ करत होती, "परक्या शरीरातला अवयव बसवला तर शरीर त्याला ओळखतं आणि नाकारतं." पुन्हा पुन्हा तेच वाक्य. मी तुळशीला वाटीभर पाणी घालत होते, हात तसाच थांबला. आणि कुठून कोण जाणे, नाकात उंदरांच्या खोलीचा वास भरला. ओला भुसा, तापलेला पत्रा, भिजवलेले हरभरे, आणि या सगळ्याच्या तळाशी तो उग्र, गोडसर वास, लुगडं कितीदा पिळलं तरी न जाणारा.

काही ऋतू पावसानं लक्षात राहतात, काही आजारपणानं. माझ्या आयुष्यातला एक ऋतू संशयानं लक्षात राहिला आहे.

तेव्हा लातूर नुकतं जिल्ह्याचं गाव झालं होतं. उस्मानाबादेतून वेगळं निघाल्याचा आनंद होता, पण गावाला अजून त्याची सवय नव्हती. दुकानांच्या पाट्यांवर 'जिल्हा लातूर' असं नवं रंगवलेलं. कडक उन्हात रंग पातळ दिसायचा आणि खालचं जुनं नाव डोकावायचं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या. नवे साहेब, नवे कारकून, नवी माणसं. हा कुठला, तो कुणाचा, याला इथं कुणी बसवलं, अशी कुजबुज प्रत्येक ओट्यावर. त्यात पावसानं दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. डाळमिलच्या भागात एरवी तुरीच्या फोलपटांचा धुरळा उडायचा, तोही बसला होता. पाणी कमी झालं की माणसं एकमेकांच्या घागरीकडं बघायला लागतात. त्या वर्षी सगळं गावच एकमेकांच्या घागरीकडं बघत होतं.

मी मुखेडची. नांदेडला प्राणिशास्त्र शिकले, आणि तिथल्याच बिराजदार सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले. लातूरच्या एका कॉलेजात मला शिकवायची तात्पुरती जागा मिळाली तेव्हा सर म्हणाले, "नोकरी करा, पण काम सोडू नका. माझ्या उंदरांतल्या काही जोड्या तुमच्याबरोबर देतो."

सरांचे पांढरे उंदीर म्हणजे साधे उंदीर नव्हेत. त्यांचा वाण शुद्ध होता. भावाशी बहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांत पुन्हा तेच, असं पिढ्यान् पिढ्या करत गेलं की सगळे उंदीर आतून एकसारखे होतात. एकाचं मांस दुसऱ्याच्या शरीराला परकं वाटत नाही. अशा एका उंदराच्या अंगात आपसूक आलेली गाठ काढायची, तिचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा त्याच वाणाच्या दुसऱ्या उंदराच्या कातडीखाली ठेवायचा. ती तिथं लागते. कलम लागावं तशी. वाढते, आणि शेवटी त्या उंदराचा जीव घेते. तोच तुकडा दुसऱ्या वाणाच्या उंदरात ठेवला तर थोडी फुगते आणि विरून जाते. कोणत्या वारशामुळं गाठ लागते आणि कोणत्या वारशामुळं विरते, एवढाच माझा विषय. सरांना हा वाण हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेनं विश्वासानं दिला होता आणि सर तो घरातल्या देवासारखा जपत.

माघ महिन्यात मी ते उंदीर नांदेडहून एस.टी.नं लातूरला आणले. मांडीवर जाळीची पेटी, तिच्यावर ओलं फडकं. लोह्याच्या पुढं कंडक्टर येऊन थांबला.

"बाई, पेटीत काय हाय?"

"उंदीर."

"जित्ते?"

"हाव."

"आन् कुठं नेऊन राहिलात?"

"लातूरला."

त्यानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "का? लातूरला उंदरं न्हाईत?"

गाडी हसली. पण माझ्या शेजारची बाई अहमदपूर येईपर्यंत पदर नाकाला लावून खिडकीला चिकटून बसली. तिचं काय चुकलं? मीही त्या पेटीकडं निर्धास्त बघत नव्हते. त्यातल्या एका उंदराच्या पाठीवर गाठ होती.

लातुरात मी महादेवीअक्कांच्या घरी भाड्यानं राहत होते. अक्कांच्या मालकांची डाळमिलमध्ये भागीदारी. अक्का रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करायच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढायच्या आणि मगच चहाला आधण ठेवायच्या. जीव लावणारी बाई. पण माझं काम काय ते कळल्यावर त्यांनी माझी घागर वेगळी केली. एके दिवशी मी विचारलंच.

"अक्का, माझी घागर ओसरीवर का आली?"

त्या पदराचं टोक पिळायला लागल्या. मग म्हणाल्या, "सुमन, खरं सांग. ते उंदराचं दुखणं पाण्यातून येतंय का गं? घरात लेकुरवाळ्या सुना हायत."

मी त्यांना समजावून सांगितलं, की अक्का, ही गाठ उडून कुणाला लागत नाही. माणसाला तर नाहीच, पण शेजारच्या पिंजऱ्यातल्या दुसऱ्या वाणाच्या उंदरालासुद्धा लागत नाही. त्याचं शरीर तिला परकं म्हणून ओळखतं आणि हाकलून देतं. फक्त अगदी सख्खं, एका रक्ताचं असलं तरच ती लागते.

अक्का विचारात पडल्या. "मंजे परकं असलं की बाधत न्हाई, आन् आपलं असलं की बाधतं? उलटंच हाय की तुझं शास्त्र."

घागर मात्र ओसरीवरच राहिली.

कॉलेजात उंदरांसाठी एक मागची खोली मिळाली. त्या खोलीत आधीपासून विमलचे उंदीर होते. विमल माझ्याहून लहान, औशाची, माझ्यासारखीच तात्पुरत्या जागेवर. तिचे उंदीरही पांढरेच, पण साधे, वर्गातल्या प्रात्यक्षिकांसाठी पाळलेले, कुणाचा कुणाशी मेळ नसलेले. एका भिंतीला तिची फळी, समोरच्या भिंतीला माझी. पुढच्या वर्षी कॉलेजात एकच कायमची जागा निघणार होती आणि ती आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार होती. हे दोघींनाही माहीत होतं, आणि दोघी त्यावर कधी बोलत नव्हतो. पाणी मात्र दोघी मिळून आणायचो. दोन्ही खिडक्यांना ओलं गोणपाट बांधायचं, बाटल्या भरायच्या. शिपाई कुरकुरायचा, "माणसाला पाणी न्हाई आन् उंदराला बाटल्या!" विमल त्याला हसून उत्तर द्यायची, "मामा, तुमच्यासाठी पण एक पिंजरा ठेवू का?"

आणलेल्या उंदरांतल्या जोड्या मी पैदाशीसाठी ठेवल्या. त्यांची जी जास्तीची भावंडं होती त्यांच्यात गाठीचे तुकडे ठेवले. एकूण एक लागले. मी सरांना नांदेडला फोन करून सांगितलं. सर म्हणाले, "छान." एवढंच. मला तेव्हा त्या 'छान'मध्ये काही ऐकू आलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुखेडला गेले, कारण मायच्या स्तनात गाठ निघाली होती. सगळे पिंजरे विमलच्या हवाली केले. त्या उन्हाळ्याचं मला फार थोडं आठवतं. आठवतो तो मायचा काटकुळा हात, नांदेडच्या दवाखान्यातल्या खाटेचा गंजलेला दांडा, आणि पाण्याच्या निमित्तानं येऊन दारातूनच परत जाणाऱ्या शेजारणी. औशाकडचं एक स्थळ माझ्यासाठी जवळपास ठरलं होतं. त्यांच्याकडून निरोप आला की मुलाला आत्ताच करायचं नाही. त्यांच्या मनात काय होतं ते निरोप आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. रक्तात असेल तर?

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी माय मला म्हणाली, "तू उंदरायला गाठी लावतीस म्हणं."

"हाव, माय."

"मग मला कुणी लावली गं?"

मी म्हटलं, "कुणीच न्हाई. ती तुझ्याच अंगातली हाय. आपलीच हाय म्हणून अंगानं तिला हटकलं न्हाई."

माय छताकडं बघत राहिली. "हटकायला पायजे होतं," म्हणाली.

माय त्या दुखण्यातून उठली आणि पुढं बरीच वर्षं जगली. पण ते वाक्य तिनं म्हटलं तेव्हापासून माझ्या कामाकडं बघायची माझी नजर बदलली. तोवर गाठ लागली की काम जमलं, विरली की फसलं, असं मी धरून चालले होते. जो उंदीर कशावरच संशय घेत नाही तो मरतो, आणि जो घेतो तो वाचतो, हे इतकं उघड असून मला कधी दिसलं नव्हतं.

आषाढात मी परतले तेव्हा पिंजऱ्यांत नवी पिढी वाढून तयार होती. सरांनी दिलेल्या उंदरांची पिल्लं. मी त्यांच्यात गाठीचे तुकडे ठेवले आणि पावसाची वाट बघावी तशी वाट बघत बसले. रोज सकाळी एकेक उंदीर उचलायचा, अंगठ्यानं पाठ चाचपायची. आधी मुगाच्या दाण्याएवढी, मग तुरीच्या, मग हरभऱ्याएवढी. श्रावण लागला. बाहेर आभाळ कोरडं. आणि एके सकाळी माझ्या अंगठ्याखाली एक गाठ कालच्यापेक्षा लहान लागली. मला वाटलं, भास. दुसऱ्या पिंजऱ्यात हात घातला. तिथंही एक. आठवडा सरता सरता प्रत्येक पिंजऱ्यात कुणा ना कुणाची गाठ विरत चालली होती. त्यांची सख्खी भावंडं मात्र गाठी वाढवत निमूट बसली होती.

शुद्ध वाणात हे होणंच शक्य नव्हतं. म्हणजे वाणात कुणीतरी परकं शिरलं होतं.

बाहेरचा चोरटा उंदीर शिरला असता तर पिल्लं तपकिरी निपजली असती. ही सगळी पांढरी शुभ्र होती. म्हणजे शिरलेला पांढरा होता. पांढरे उंदीर समोरच्या भिंतीला होते. मी मान वळवून विमलच्या फळीकडं पाहिलं. ती खाली बसून भुसा चाळत होती. तिनं वर बघितलं, हसली. मी हसले नाही.

पोस्टातून सरांना फोन लावला. सगळं ऐकल्यावर ते जराही न थांबता म्हणाले, "त्या दुसऱ्या बाईंचे उंदीर त्याच खोलीत आहेत ना? उन्हाळ्यात सगळं त्यांच्याच हातात होतं. पिल्लं मिसळली असणार." मग जरा थांबून, "किंवा मिसळवली. मी तुमच्या प्रिन्सिपॉलांशी बोलतो."

ते त्याच दिवशी बोलले. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी विमलला बोलावून सांगितलं, की चौकशी होईपर्यंत तुमची जागा पुढं चालू ठेवता येणार नाही आणि मुलाखतीचंही नंतर बघू.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून तोंडाला कोरड पडते. एक खोली, दोन भिंती, दोन बायका, आणि मध्ये एक शब्द नाही. ती आली की मी पिंजरे मोजायची. मी आले की ती आपले मोजायची. तिनं एखादा पिंजरा उचलला की माझे डोळे त्याच्या मागोमाग. ओलं गोणपाट आता आपापल्या खिडकीपुरतं. शिपाई तिच्याकडं बघायचा, मग माझ्याकडं, आणि कुरकुरायचं विसरून जायचा. मला विमलच्या जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. त्या दिवशी तिनं माझ्या उंदरांची इतकी विचारपूस का केली होती? सुट्टीत पिंजरे सांभाळायला एवढी चटकन कशी तयार झाली? संशय एकदा घरात आला की जुनं सगळं सामान उघडून बघतो आणि प्रत्येक वस्तूवर आपलं नाव घालतो.

शेवटी मीच विचारलं. "विमल, उन्हाळ्यात पिंजरे धुताना काही इकडचं तिकडं झालं का?"

ती ताडकन उठली. "म्हणा ना सरळ, सुमनताई! तू केलंस म्हणा!"

"मी विचारून राहिले फक्त."

"विचारून न्हाई, ठरवून राहिलात. मला एक सांगा. सगळ्या पिंजऱ्यांत गाठी विरल्या ना? एकाही पिंजऱ्यात सगळ्यांच्या न्हाई, आन् एकही पिंजरा सुटला न्हाई. मग मी काय केलं? माझी पिल्लं प्रत्येक पिंजऱ्यात थोडी थोडी वाटत फिरले का, प्रसादासारखी?"

ती बादली आपटून निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. रागात बोललेलं असलं तरी ते खरं होतं. हातून झालेली गफलत एखाद्या पिंजऱ्यात होते. ती सगळ्या पिंजऱ्यांत अशी सारखी पसरत नाही. इतक्या शिस्तीनं पसरतो तो फक्त वारसा.

मी खाली भुशातच बसले आणि बोटानं जमिनीवर रेघा ओढत विचार करायला लागले. समजा, शुद्ध मादी आणि साधा पांढरा नर यांची जोडी लागली. त्यांची पिल्लं अर्धी शुद्ध. शुद्ध वाणाची खूण त्यांना आईकडून मिळतेच, म्हणून गाठ त्यांना ओळखीची वाटते, आणि लागते. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पण अशा दोन अर्ध्या भावंडांची जोडी लागली, तर त्यांच्या काही पिल्लांना ती खूण मुळीच मिळत नाही. त्यांना गाठ परकी. ती विरते. भेसळ एका पिढीत लपते आणि नातवंडांत उघडी पडते.

म्हणजे जी पिल्लं माझ्यासमोर गाठी विरवत होती, त्यांचे आईबापच अर्धे असले पाहिजेत. आणि ते आईबाप पेटीत घालून, मांडीवर ठेवून मी स्वतः नांदेडहून आणले होते.

ज्यांनी मला संशय घ्यायला शिकवलं, प्रत्येक निकाल उलटून बघा म्हणून सांगितलं, त्यांच्यावरच? सरांवर? मला हा विचारच घाण वाटला. दोन दिवस मी तो कुणाला कळू दिला नाही. पण तो अंगातून जाईना. शिवाय विमलची जागा जात होती आणि माझ्या एका शब्दानं ती वाचणार होती. फक्त तो शब्द खरा आहे की नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.

मी रजा टाकली आणि एस.टी.नं हैदराबादला गेले. त्या मूळ संस्थेत जाऊन माझी अडचण सांगितली, सरांचं नाव न घेता. त्यांनी शुद्ध वाणाचे थोडे उंदीर दिले. परत आल्यावर मी विमलला खोलीत बोलावलं. म्हटलं, "मी करते ते तू बघ. एकटीनं करणार नाही."

सरांनी दिलेल्या मूळ उंदरांच्या कानांना सरांच्याच हातच्या खाचा होत्या. त्यामुळे ते कुणी बदलले असण्याचा प्रश्न नव्हता. त्यांच्या शेपटीवरच्या कातडीची चिमूटभर चकती काढून मी हैदराबादच्या उंदरांच्या शेपटीवर बसवली, उलटी करून, म्हणजे केस उलट्या दिशेनं उगवले तर चकती जगली हे लगेच कळावं. हैदराबादच्याच भावंडांची चकती काही शेपट्यांवर बसवली, ताडून बघायला. शुद्ध शरीराला शुद्ध कातडी चालते. अर्ध्या शुद्धाची चालत नाही, कारण तिच्यावर दुसरी, परकी खूणही असते. विमल दिवा धरून उभी राहिली आणि तिचा हात हलला नाही.

आम्ही दोघी रोज सकाळी शेपट्या बघायचो. भावंडांच्या चकत्या गुलाबी राहिल्या आणि त्यांच्यावर उलटे केस फुटले. सरांच्या उंदरांच्या चकत्या आधी लालभडक, मग काळ्या पडल्या आणि खपलीसारख्या गळून गेल्या. एक सोडून सगळ्या, मग तीही.

"म्हणजे मी न्हाई," विमल म्हणाली.

"तू न्हाई."

"मग कोण?"

मी सांगितलं नाही. तिनंही नाव घेतलं नाही.

मी नांदेडला गेले. गोदावरीचं पात्र पुलावरून आजाऱ्याच्या जिभेसारखं दिसत होतं. दुपारची वेळ. सर घराच्या व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"तुम्ही माझे उंदीर तपासले?"

"हो, सर."

"माझ्यावर संशय घेऊन?"

मी म्हटलं, "हो, सर."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावलेही. कुणी शिकवलं तुम्हाला, कुणाच्या जिवावर एवढं झालात, असं बरंच बोलले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली एक दुपार त्यांनी सांगितली. वीज गेलेली, गोणपाट भिजवायला पाणी नाही, पश्चिमेच्या खिडकीखाली नरांचे पिंजरे. संध्याकाळी खोली उघडली तेव्हा सगळे नर मरून पडले होते. माद्या तेवढ्या वाचल्या. "वाण संपला, असं हैदराबादला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? साधे पांढरे नर लावले. वाटलं, तुम्ही त्यांची पुढची पिढी घ्यायच्या आत खरे नर मिळवीन आणि गुपचूप बदलून देईन."

"आणि विमलचं नाव, सर?"

"ते... तोंडातून निघून गेलं."

"प्रिन्सिपॉलांसमोर निघालं, सर."

आतून सरांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला. दोघांपैकी कुणीच घेतला नाही. निघताना मी म्हटलं, "लातूरला येऊन हे तुम्हीच सांगा, सर."

मला वाटलं होतं, ते टाळतील. कामाचा ताप, तब्येत, काहीतरी सांगतील. परतीच्या गाडीत मी मनात सगळं रचत होते, की सर नाहीच आले तर आपण काय काय करायचं. पण तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सर लातूरला आले. प्रिन्सिपॉलांच्या खोलीत खुर्ची दिली तरी बसले नाहीत. विमलला बोलावून घ्यायला सांगितलं. ती आली तेव्हा तिच्याकडं बघून म्हणाले, "बाई, भेसळ माझ्याकडं झाली, माझ्या हातून, आणि जाणूनबुजून. तुमचं नाव मी घेतलं ते खोटं होतं." विमल एवढंच म्हणाली, "बरं, सर."

सरांना गाडीवर सोडायला मी गेले. ते खिडकीशी बसले. गाडी निघताना म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय. माझ्यावर संशय घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढं मुलाखती झाल्या. कायमची जागा विमलला मिळाली आणि मला वर्षभरानं उदगीरला. काम मी हैदराबादच्या उंदरांवर नव्यानं सुरू केलं आणि पुरं केलं. सरांनीही हैदराबादला जाऊन सगळं सांगितल्याचं मागाहून कळलं. संशयाची सवय मात्र लागली ती लागलीच. आयुष्यात पुढं जी माणसं जवळ आली त्यांना मी आधी कधी नकळत, कधी जाणून, चाचपून पाहिलं. काहींना ते कळलं आणि ती दूर गेली. काही थांबली. चाचपणाऱ्या हाताची भीती त्यांना वाटली नाही, एवढंच.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते सर गेल्यानंतरचं. मी स्टँडवरून परत आले तेव्हा विमल कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होती. वर्गाची घंटा व्हायची होती. मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "सुमनताई, एक विचारू? शेपट्या तपासून मीच दोषी निघाले असते, तर तुम्ही आधी मला सांगितलं असतं की आधी प्रिन्सिपॉलांना?"

मी खूप शोधलं स्वतःमध्ये. मग म्हटलं, "माहीत न्हाई गं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, जसं आम्ही रोज सकाळी त्या चकत्यांकडं बघायचो तसं. "बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही 'आधी तुलाच' म्हणाला असतात, तर माझा विश्वास बसला नसता." आणि हसली. मलाही हसू आलं, पण तिच्या मागून, जरा उशिरानं.